तुटली की सुटली?

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक छोटंसं गाव होतं, आणि त्या गावात गाठी मारणारा एक म्हातारा राहायचा. नाव जोमाजी. पण नुसत्या नावाने त्यांना कोणी हाक मारायचं नाही. लहानथोर सगळ्यांचे ते जोमाकाका.

ते गाव गळाने मासे धरणारं. जाळीवाली गावं खाडीच्या पलीकडे. इथले लोक होडीतून खोल पाण्यात जायचे, दोरीला गळ बांधून खाली सोडायचे आणि दोरी बोटांत धरून बसायचे. आता तुम्हीच विचार करा, खाली माणसाएवढी घोळ मासळी गळाला लागली, तर वरचा माणूस आणि खालचा मासा यांच्यामध्ये असतं काय? एक दोरी! आणि त्या अख्ख्या दोरीत सगळ्यात नाजूक जागा कुठली? गाठ. दोरी कितीही भारी आणा, गाठ कच्ची असली की सगळंच कच्चं.

म्हणून गावात कोणी स्वतः गाठ मारायचं नाही. गळ आणि दोरी घेऊन सगळे जोमाकाकांच्या अंगणात यायचे. काका गळाच्या नेढ्यातून दोरी काढायचे, तिच्याच अंगाभोवती तिचे वेढे द्यायचे, टोक फासातून परत घालायचे. मग गाठ ओठांत धरून थुंकीने ओली करायची आणि हळूहळू आवळायची. "कोरडी आवळाल तर घासून पोळेल," हे ते प्रत्येकाला सांगायचे, दर वेळी, अगदी पहिल्यांदाच सांगतायत असं. शेवटी पेटत्या उदबत्तीने टोकाला चटका द्यायचे. टोक वितळून त्याचा बारीक काळा मणी व्हायचा. तो मणी म्हणजे काकांची सहीच म्हणा ना!

गावाची एक रीत होती. मासा निसटला की दोरीचं टोक मुठीत झाकून थेट काकांकडे आणायचं. वाटेत मूठ उघडायची नाही. टोक बघायचा मान फक्त काकांचा. काका टोक बघायचे आणि सगळे श्वास रोखून एकच विचारायचे, "काका, तुटली की सुटली?"

टोकावर मणी नसेल, ते चिरून कुंचल्यासारखं झालं असेल तर दोरी तुटली. म्हणजे धरणाऱ्याने हिसका दिला, माशाला ढील दिली नाही. दोष हाताचा. पण टोक शाबूत असेल, वेढ्यांच्या खुणा तशाच असतील आणि मणीही जागेवर असेल, तर गाठच सरकून सुटली. दोष बांधणाऱ्याचा. मग ते टोक कापून बांधणाऱ्याच्या दारावर टांगायचं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून.

जोमाकाकांच्या दारावर कधीच टोक लागलं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या दारावर लागलं होतं, दोनदा. काकांच्या नाही. हे ते कोणाला बोलून दाखवायचे नाहीत, पण घरात शिरताना त्यांची नजर रोज त्या मोकळ्या चौकटीवर जायची.

मग गावात नवी दोरी आली.

आतापर्यंत सगळे तंगूस वापरायचे. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच जाड धागा, ताणला की थोडा लांबणारा. नवी दोरी अनेक बारीक धागे गुंफून केलेली. शहरातला दुकानदार तिला ब्रेडेड म्हणायचा. गावातल्या बायकांनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, अगं, ही तर वेणीच आहे! झालं, गावाने तिचं नाव वेणी ठेवलं. बारीक, मऊ, पण ताकद अशी की तंगुसाने तिच्यापुढे हात जोडावेत. ताणली तरी जराही लांबायची नाही. खाली मासा गळाला नुसता हुंगून गेला तरी वर बोटाला कळायचं.

होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, पोशा पहिल्यांदा वेणी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "काका, दुकानदार म्हणत होता की हिला गाठ वेगळी लागते."

काका हसले. "दुकानदाराने घोळ ओढलीय का कधी?"

अंगणातले सगळे खो खो हसले. पोशाही हसला.

"गाठ ती गाठ," काका म्हणाले. "माझ्या बापाने शिकवलीय. दोरी बदलते, गाठ नाही बदलत."

त्यांनी तीच जुनी गाठ मारली. तंगुसाची गाठ झाली की काका गळ खुंटीला अडकवायचे, दोरी कमरेला गुंडाळायचे आणि मागे रेलून अंगाचं सगळं वजन टाकायचे. पण वेणी पडली बारीक, कमरेला कापणारी. काकांनी ती हातानेच दोन हिसके देऊन बघितली. ठीक वाटली. दिली.

गावभर त्यांनी अशाच गाठी मारून दिल्या.

पोशाच्या होडीवर धाकू नावाचा गडी होता. पुढच्या बाजूची बैठक त्याची, जिथे सगळ्यात मोठा मासा लागतो. त्याला दम्याने धरलं आणि तो घरी बसला. दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. म्हणून त्याची मुलगी हौसा त्याच्या जागी होडीवर जायला लागली. बाईमाणूस होडीवर! गावात जी कुजबुज झाली ती विचारू नका. पोशा माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही दहा तोंडांना उत्तर द्यायचं होतं. तो हौसाला म्हणाला, "बस, बाय. पण एकदा जरी हात खोटा निघाला, तर तू स्वतःहून उतरायचंस. मला सांगायला लावू नकोस."

"उतरेन," हौसा म्हणाली.

आणि एका सकाळी तिच्या दोरीला घोळ लागली. अशी घोळ, जिच्यावर होडीतल्या सगळ्यांचा हंगाम निघाला असता! हौसाने बोटांना फडकं गुंडाळलं. मासा ओढायला लागला की सैल सोडायची, थकला की ओढून घ्यायची. बापाने शिकवलं होतं तसंच अगदी. माशाची पाठ पाण्याखाली पिवळसर चमकली. पोशाने मासा वर घ्यायची आकडी उचलली. 

आणि दोरी हलकी झाली.

हौसा मागे आपटली. खाली पाणी तसंच शांत. तिने दोरी भराभर वर घेतली आणि टोक हाताला लागताच मूठ मिटली. बघितलं नाही. रीतच तशी होती.

काकांच्या अंगणात ही गर्दी! होडीवरचे सगळे आले. धाकू धापा टाकत, काठी टेकत आला. हौसाने मूठ पुढे केली आणि काकांनी तिची बोटं हलकेच उघडली.

टोकावर काळा मणी होता.

दोरी शाबूत होती. वेढ्यांच्या बारीक नागमोडी खुणा तशाच होत्या. गाठ सरकत सरकत आली होती आणि मणीसुद्धा तिला अडवू शकला नव्हता. त्यांनी मान वर केली तर समोर घराची चौकट. मोकळी, स्वच्छ.

"काका, तुटली की सुटली?" पोशाने विचारलं.

"उजेडात बघू दे," काका म्हणाले आणि पाठ फिरवली.

टोक ओठांत धरायची त्यांची जुनी सवय. कोणालाच वावगं वाटलं नाही. त्यांनी दाताने मणी तोडला. नखांनी टोक पिंजलं. मग वळले आणि ते कुंचल्यासारखं टोक सगळ्यांना दाखवलं.

"तुटली."

हौसाने आपल्या हातांकडे बघितलं, दुसऱ्या कोणाचे हात असावेत तसं. धाकू म्हणाला, "माझ्या पोरीचा हात..." आणि तिथेच थांबला. जोमाकाकांनी सांगितल्यावर पुढे बोलणार काय?

होडीवरचा नामा, ज्याची जीभ कधी आत राहायची नाही, तो म्हणाला, "चुलीवरचा तवा उचलणं वेगळं नि घोळ उचलणं वेगळं!"

कोणी हसलं नाही. हौसाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "तांडेल, उद्यापासून मी येत नाही." शब्द दिला होता, तो पाळला.

सगळे गेले. काकांच्या जिभेखाली तो मणी अजून तसाच होता. कडवट, जळका. त्यांनी तो थुंकला, चूळ भरली. चव गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव झोपेला पडलेलं असताना काकांनी दार लावून घेतलं आणि वेणी घेऊन बसले. तीच गाठ मारली, गळ खुंटीला अडकवला, कमरेला आधी गोणपाट बांधलं आणि वर दोरी गुंडाळली. अंगाचं वजन टाकलं. गाठ सरकली. पुन्हा मारली, जास्त वेढे देऊन. पुन्हा सरकली. तंगूस स्वतःलाच चावून धरतो. ही वेणी गुळगुळीत, ताण न खाणारी, स्वतःला धरतच नव्हती. काका चिडले, दमले, घाम पुसला, पुन्हा बसले. मानलं पाहिजे त्यांना, म्हातारपणी बापाने शिकवलेली गाठ बाजूला ठेवायची म्हणजे सोपं काम नाही.

दिवस गेले, आणि एका दुपारी त्यांना ती गाठ सापडली. आधी दोरी दुहेरी करायची. दुहेरीच नेढ्यातून काढायची. सैल गाठ मारायची, आणि मग अख्खा गळच त्या फासातून पलीकडे काढायचा. ओली करायची, आवळायची. काकांनी वजन टाकलं. खुंटी करकरली. गाठ जागची हलली नाही!

त्यांना आनंद झाला. आणि त्या आनंदातच मनात एक विचार आला, अगदी शहाणासुरता वाटणारा. आता बोलायचं कशाला? सगळ्यांच्या गाठी बदलून देऊ. यापुढे कोणाचा मासा जाणार नाही. चूक आपोआप मिटेल.

त्यांनी गावभर निरोप धाडला. "दोऱ्या घेऊन या. गाठींवर मीठ बसलंय, नव्याने मारून देतो."

लोक आले. "आमच्या काकांना किती काळजी!" असं म्हणत आले. कोणी नारळ आणला, कोणी सुकट. काका मान खाली घालून गाठी मारत राहिले. फक्त हौसा आली नाही. ती होडीवरच नव्हती, तिला गाठ कशाला?

आणि मग काय झालं माहितीये? त्यानंतर कोणाचाच मासा सुटला नाही. घोळ आली, तांब आली, मोठाले रावस आले. एकाच्याही दोरीचं टोक मोकळं परत आलं नाही. बंदरावर लोक बोलायला लागले, "बघा, दोरी तीच, गाठ तीच, काका तेच. म्हणजे तिचाच हात खोटा होता. चांगलं झालं, वेळेवर उतरली."

हे काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. गाठ सुधारली होती, पण त्या सुधारलेल्या गाठीचा फास पोरीच्या गळ्याला जास्तच आवळला होता.

धाकूचं घर खाडीच्या कडेला. तिथून जाताना एका संध्याकाळी काकांना हौसा दिसली. ती खडकावर बसली होती. त्याच वेणीच्या दोरीला मोठा धोंडा बांधून तिने पाण्यात सोडला होता आणि तो ती ओढत होती, सोडत होती, पुन्हा ओढत होती. तळहातांना चिरा पडल्या होत्या, फडक्यातून रक्त दिसत होतं.

"काय करतेस, बाय?"

"हात शिकवतेय, काका."

काका खडकापाशी आले.

"एक विचारू?" हौसा म्हणाली. "त्या दिवशी मला हिसका लागलाच नाही. दोरी तुटली की बोटाला फटका बसतो, बाबा सांगतात. मला तर गुळगुळीत गेल्यासारखं वाटलं. सुईतून दोरा निघून जावा ना, तसं. पण तुम्ही बघितलंत, तुटली होती. म्हणजे माझी बोटंच खोटं सांगतात. ज्याची बोटं खोटं सांगतात त्याने दोरी कशी धरायची हो, काका?"

काकांना वाटलं होतं, पोरगी आपल्यावर रागावली असेल. मनातल्या मनात दोष देत असेल. ते त्यांना सोसलं असतं. पण ती त्यांचं खरं मानून बसली होती, आणि स्वतःच्या हातांना रक्त येईस्तोवर शिक्षा देत होती.

"तो धोंडा सोड," काका म्हणाले. "दोरी घे आणि चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"बंदरावर. होड्या आल्यात."

बंदरावर सगळं गाव होतं. टोपल्या उतरत होत्या, भावावरून आरडाओरडा चालला होता. जोमाकाका मधोमध जाऊन उभे राहिले. हौसाच्या हातातली दोरी घेतली आणि पोशाकडे एक गळ मागितला. त्यांनी ती जुनी गाठ मारली, बापाने शिकवलेली. ओठांत धरून ओली केली, आवळली. नामाच्या हातातल्या विडीने टोकाला चटका दिला. काळा मणी झाला. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला.

मग गळ होडीच्या कडीत अडकवला आणि दोरी पोशाच्या हातात दिली. "ओढ."

"काका, तुमची गाठ आहे. कशाला उगाच..."

"ओढ म्हणतो ना!"

पोशाने हाताला फडकं गुंडाळून ओढलं. आधी काही झालं नाही. मग त्याने पाय रोवले आणि जोर लावला. गाठ सरकली, वेढे एकेक करून उलगडले आणि दोरी कडीतल्या गळातून निघून आली. टोकावर मणी तसाच.

काकांनी ते टोक सगळ्यांपुढे धरलं.

"आता विचारा," काका म्हणाले.

कोणी विचारेना. शेवटी धाकूचा घोगरा आवाज आला. तो दारातून लेकीला काकांबरोबर जाताना बघून मागोमाग आला होता. "काका... तुटली की सुटली?"

"सुटली. आणि त्या दिवशीही सुटलीच होती. मणी होता टोकावर. मी तो दाताने तोडला."

नामाने विडी पायाखाली चिरडली. "म्हणजे आमच्या दोऱ्यांवर मीठबीठ काही बसलं नव्हतं?"

"नव्हतं. तुमच्या गाठी चोरून बदलल्या. ही पोर मात्र तशीच बुडत ठेवली."

पोशाच्या कपाळाची शीर फुगली. तो काहीतरी तिखट बोलणार होता, पण समोर पांढरे केस बघून त्याने ते गिळलं. हौसाकडे वळून म्हणाला, "बाय, उद्या होडीवर ये. तुझी बैठक तुझीच."

हौसा काकांकडे बघत होती.

"मासा गेला त्याचं काही नाही, काका," ती म्हणाली. "मासा समुद्राचाच होता. पण माझे हात तुम्ही माझ्यापासून काढून घेतले होते."

काकांनी मान खाली घातली. माफ कर, असं त्यांना म्हणायचं होतं. पण तो शब्द इतका लहान वाटला, की तोंडातून निघेना. त्यांनी ते मणीवालं टोक कापलं, घरी गेले आणि स्वतःच्या हातांनी चौकटीवर खिळा ठोकून टांगलं.

त्यानंतर बरेच दिवस त्यांचं अंगण ओस होतं. कोणी दोरी घेऊन यायचं नाही. ज्याने त्याने आपापली वेडीवाकडी गाठ मारायला सुरुवात केली. काका ओसरीवर बसून असायचे. वाऱ्याने ते टोक हलायचं.

एके दिवशी सकाळी हौसा आली. होडीवर जायला निघालेली, हातात दोरी आणि गळ. काकांनी हात पुढे केला. तिने दोरी दिली नाही.

"बांधून देऊ नका," ती म्हणाली. "शिकवा."

काकांनी शिकवली. दुहेरी दोरी, नेढं, सैल गाठ, फासातून गळ. "ओली कर, कोरडी आवळलीस तर पोळेल," म्हणाले, अगदी पहिल्यांदाच सांगतायत असं. हौसाने गाठ मारली. मग तिने गळ खुंटीला अडकवला आणि दोरी काकांच्या हातात दिली. काकांनी कमरेला गोणपाट बांधलं, दोरी गुंडाळली, रेलून वजन टाकलं. गाठ धरून राहिली. तिच्यामागून पोशा आला, मग नामासुद्धा आला, जीभ आत ठेवून. हळूहळू गाव स्वतःच्या गाठी स्वतः मारायला शिकलं.

रीतही बदलली. टोक आता मुठीत झाकून आणत नाहीत. उघड्या हातावर आणतात, आणि ज्याचा मासा गेला तो आधी बघतो.

पुढच्या हंगामात एका दुपारी हौसाची दोरी मोकळी परत आली. घाईत गाठ पुरती आवळलीच नव्हती तिने. काकांच्या अंगणात सगळे जमले. ती उघडा हात घेऊन मधोमध उभी राहिली. टोकावर मणी होता. कोणी विचारायच्या आतच ती बोलली.

"सुटली. माझीच गाठ."

आणि घरी जाऊन तिने ते टोक स्वतःच्या दारावर टांगलं. काका काठी टेकत तिथवर गेले आणि बराच वेळ ते बघत उभे राहिले. जिभेखालची जळकी चव गेल्याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारून मग ती गुपचूप सुधारली, तर काम नीट होतं पण माणूस तसाच बुडालेला राहतो; ज्याच्यावर आळ घेतला त्याला मोकळं करायचं असेल, तर चूक चारचौघांसमोर आपल्याच तोंडाने सांगावी लागते.